इंडिकेटर सातलाच बदलायला हवा, असं कुणी सांगितलं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मुलांच्या पानावर अॅसिड-बेस टायट्रेशनवरचा (एकात दुसरं थेंबाथेंबाने सोडून ताकद मोजायची रीत) लेख वाचला. लेख चांगला होता, कोकम आणि हळदीचं उदाहरण आमच्याकडच्या मुलांना पटकन कळेल असं होतं, त्याबद्दल लिहिणाऱ्याचं कौतुकच. पण त्यातल्या एका वाक्यावर मी अडलो ते अडलोच, चहा गार झाला तरी तिथेच. वाक्य साधारण असं, की अॅसिड आणि बेस एकमेकांना पुरे पडले की पीएच (अॅसिड-बेसची मोजपट्टी, ७ च्या खाली अॅसिड, वर बेस) ७ होतो, म्हणून इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून खूण देणारं द्रव्य, असा घ्यावा की जो ७ ला रंग बदलतो. पुढे घरच्या कोकमानेही टायट्रेशन करता येतं असंही होतं. मी काही प्रोफेसर नाही, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत लॅब असिस्टंट म्हणून आयुष्य काढलं, ब्युरेट (थेंब सोडायच्या मापाच्या नळ्या) धुतल्या, बाटल्यांवर लेबलं चिकटवली, मुलांनी फोडलेले पिपेट झाडूने गोळा केले. पण हे वाक्य बरोबर नाही एवढं मी सांगू शकतो, आणि का नाही तेही सांगतो, जरा लांबलं तर कात्री लावा.

पहिलं म्हणजे ७ हा आकडा फक्त एकाच जोडीला लागू पडतो, स्ट्राँग अॅसिड आणि स्ट्राँग बेस, म्हणजे पाण्यात पूर्ण फुटणारे. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक सोडा. आणि गंमत बघा, जिथे ७ बरोबर आहे तिथेच ७ ला बदलणाऱ्या इंडिकेटरची काही गरज नसते! ०.१ मोलरचं (मोलर हे ताकदीचं माप) १० मिली अॅसिड फ्लास्कमध्ये घ्या आणि वरून तेवढ्याच ताकदीचा कॉस्टिक सोडा सोडा. ९.९५ मिलीवर, म्हणजे एक थेंब बाकी असताना, पीएच असतो ३.६ च्या आसपास, आणि १०.०५ ला, म्हणजे एक थेंब जास्त झाल्यावर, १०.४. दोन थेंबांत जवळजवळ सात युनिटची उडी. आता इंडिकेटरांपैकी मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, फिनॉल्फथॅलिन ८.२ ते १० मध्ये, दोघेही त्या उडीच्या वाटेवरच उभे आहेत, कुणालाही घ्या, फरक पडला तर थेंबा-दोन थेंबांचा. म्हणून या जोडीला कुठलाही इंडिकेटर चालतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि मुलं तेवढं पाठ करून मोकळी होतात.

(यालाही एक मेख आहे. तीच जोडी शंभर पट पातळ करा, ०.००१ मोलर, म्हणजे ती उडी ५.६ ते ८.४ एवढीच उरते, आणि मिथाइल ऑरेंज १० च्या जागी ८ मिलीलाच रंग बदलून बसतो. म्हणजे "कुठलाही चालतो" हेसुद्धा नेहमी खरं नाही, पण हे कुणी विचारतच नाही.)

आता व्हिनेगर घ्या. आपल्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर घराघरात असतं, त्यात असतं अॅसेटिक अॅसिड, वीक अॅसिड, म्हणजे पाण्यात थोडंच फुटणारं. हे कॉस्टिक सोड्याने पुरं झालं की फ्लास्कमध्ये उरतं सोडियम अॅसिटेट, आणि ते पाण्याला थोडं अल्कलाइन, म्हणजे बेसच्या बाजूचं, करतं, पीएच ७ वर नाही तर ८.७ च्या आसपास येऊन थांबतो. इथे एक थेंब आधी पीएच ७ आणि एक थेंब नंतर १०.४, म्हणजे उडी आहे पण ती वरच्या बाजूला सरकलेली. फिनॉल्फथॅलिन त्या उडीत बरोबर बसतो. मिथाइल ऑरेंजची मात्र सगळी गंमत सुरुवातीलाच आटपते, तीन मिलीपर्यंत पूर्ण पिवळा, आणि पुढचे सात मिली तुम्ही नुसते ओतत राहा, तो ढिम्म.

प्रामाणिकपणे सांगायचं तर लेखातल्या सात वाल्यांची बाजूही थोडी मांडतो. व्हिनेगरला कुणी ब्रोमोथायमॉल ब्लू वापरला, जो ६ ते ७.६ मध्ये पिवळ्याचा निळा होतो, आणि बरोब्बर ७ ला थांबला, तर चूक फार नाही, एखाद्या थेंबाची. पण थांबणार कसं? रंग साडेनऊ मिलीच्या आधीपासूनच हिरवट व्हायला लागतो, मग अजून हिरवट, मग निळसर हिरवट, आणि पोरगं फ्लास्क उजेडाकडे धरून शेजाऱ्याला विचारतं, झालं काय रे? एंडपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, एका थेंबात झाली पाहिजे, असं हळूहळू उजाडत जाणारं काय कामाचं.

पण सात वाल्यांचा नियम खरा आपटतो तो कार्बोनेटला, आणि हे तर अकरावीच्याच प्रॅक्टिकलला असतं, सोडियम कार्बोनेटचं स्टँडर्ड सोल्युशन आणि हायड्रोक्लोरिक. इथे पुरं होणं दोनदा आहे. कार्बोनेटचं आधी बायकार्बोनेट होतं, तेव्हा पीएच ८.३ च्या आसपास, मग बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, तेव्हा ३.९ च्या आसपास. ०.१ मोलरचं १० मिली कार्बोनेट घेतलं तर पहिला मुक्काम १० मिली अॅसिडवर, दुसरा २० वर. फिनॉल्फथॅलिन टाकलात तर तो १० ला गुलाबी रंग सोडून देणार, मिथाइल ऑरेंज २० पर्यंत पिवळा राहून मग केशरी होणार. दोन्ही खरं सांगतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आणि ७ ला थांबणारा? तो बाराच्या आसपास कुठेतरी, ना घरचा ना घाटाचा. तिथे काहीच पुरं झालेलं नसतं. वीसच्या जागी बारा लिहून कुणी आपल्या अॅसिडची ताकद काढली तर ती जवळजवळ पावणेदोन पट जास्त दाखवेल. म्हणून मला ते वाक्य खटकलं, बाकी काही वैर नाही.

उलट्या बाजूला अमोनिया. वीक बेस आणि स्ट्राँग अॅसिड, तिथे पुरं होतं ५.३ च्या आसपास, म्हणून मिथाइल रेड घेतात, तो ४.४ ते ६.२ मध्ये बदलतो. अमोनियाला फिनॉल्फथॅलिन टाकून बघितलंय मी, गुलाबी हळूहळू फिका होत जातो आणि नऊ मिलीलाच पार नाहीसा, अजून एक मिली बाकी असताना. आणि वीक अॅसिड वीक बेस, व्हिनेगर आणि अमोनिया, तिथे उडीच नाही, चढ आहे फक्त. तिथे कुठलाही इंडिकेटर शोधू नये, नाहीच मिळायचा.

आता मला जे मुळात सांगायचंय ते. हे सगळं तक्त्यात पुस्तकात आहेच, मुलांना पाठही असतं, तरी कळलेलं नसतं. मला स्वतःला हे कळलं ते एका घोटाळ्यामुळे.

बरीच वर्षं झाली, श्रावणातले दिवस, बाहेर धो धो, लॅबमध्ये दुपारीच ट्यूबलाइट लावलेली. अॅसेटिक अॅसिडचं टायट्रेशन होतं, वीस मुलांची बॅच, आणि फिनॉल्फथॅलिनच्या बाटलीत तळाला दोन थेंब. तो अल्कोहोलमध्ये करतात, झाकण सैल राहिलं की उडून जातो, चूक माझीच. नवीन करायला पावडर शिल्लक नव्हती. मी शिकवणाऱ्या सरांना विचारलं, सर म्हणाले, मिथाइल ऑरेंज दे रे, इंडिकेटर तो इंडिकेटर. दिला.

पहिल्या टेबलावर एक मिली आलं. दुसऱ्यावर दोन. एकाचं तीन. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरच्यांनी मात्र वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल आणून ठेवलं होतं, त्यात ९.८ होतं, त्यांनी ९.८, ९.८, ९.८ लिहिलं आणि ब्युरेट धुवायला घेतली! तीन रीडिंग सारखी आली पाहिजेत हे मुलांना इतकं पक्कं ठाऊक असतं की ती येतातच. पण एक मुलगी ब्युरेटपाशी उभीच राहिली आणि मला म्हणाली, सर (मला पण सरच म्हणायची मुलं), हें थांबोवचें खंय? हे थांबवायचं कुठे? लाल होतं ते केशरी झालं, केशरीचं पिवळं झालं, मधे कुठेच एकदम काही झालं नाही.

थांबायचं कुठे, हा प्रश्न मी तोपर्यंत हजारो टायट्रेशनं मांडून देऊन एकदाही स्वतःला विचारला नव्हता. गुलाबी झालं की थांबायचं, एवढंच. ती बरोबर विचारत होती, कारण तिच्या फ्लास्कमध्ये थांबण्यासारखं काही घडतच नव्हतं, मिथाइल ऑरेंज आपल्या वेळेला बदलत होता, अॅसिड आपल्या वेळेला संपणार होतं, दोघांची वेळ जुळत नव्हती. सरांनी आधी तिला नीट बघत जा म्हणून झापलं, मग स्वतः करून बघितलं, मग गप्प बसले, आणि मग फळ्यावर मिली वाढतात तसा पीएच कसा चढतो त्याचा कर्व्ह काढला. चांगले होते सर, हे सांगायला हवं. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास जे शिकवलं ते वर्षभरात शिकवलं नव्हतं, आणि मी पुसायचं फडकं हातात धरून मागे उभा राहून ऐकलं.

तेव्हापासून माझं म्हणणं आहे की प्रत्येक बॅचला एक टायट्रेशन मुद्दाम चुकीच्या इंडिकेटरने करू द्यावं. खर्च काही नाही, दोन थेंब मिथाइल ऑरेंज आणि थोडं पातळ व्हिनेगर. आधी चुकीच्याने, मग फिनॉल्फथॅलिनने, आणि दोन्ही रीडिंग जर्नलात शेजारी शेजारी. आत्ता प्रॅक्टिकलच्या पेपरातच इंडिकेटरचं नाव छापलेलं असतं, रंग कसा बदलेल तेही, मुलाला निवडायला काही ठेवलेलंच नाही. व्हायव्हाला विचारतात रंग कुठला, का घेतला हे क्वचित. का घेतला याचं उत्तर एका वाक्यात आहे, या जोडीचं जिथे पुरं होतं तिथला पीएच याच्या रंग बदलायच्या पट्ट्यात पडतो म्हणून. पण हे वाक्य ज्याने चुकीचा घेऊन बघितलाय त्याच्याच तोंडात शोभतं.

परवा नात आली होती, ती अकरावीला आहे. तिला म्हटलं चल करून बघू. माझ्याकडे लॅबमधून बाद झालेली एक ब्युरेट आहे, टोक थोडं तुटकं. बाजारातून माडाचं व्हिनेगर आणलं, दहा मिलीचं शंभर मिली केलं, कारण मुळात ते मातकट रंगाचं असतं, त्यात गुलाबी दिसणार कसा, पातळ केलं की रंगही फिका होतो आणि ब्युरेटही पुरते. त्यातलं दहा मिली फ्लास्कमध्ये, फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब. नातीने बदाबदा सहा टाकले होते, मी ते ओतून टाकायला लावलं. जास्त टाकला तर पाणी दुधाळ होतं, आणि गुलाबी दिसायला लागतो थोडा आधीच. शिवाय इंडिकेटर स्वतःही एक वीक अॅसिडच आहे, तोही आपला वाटा खातो.

खाली पांढरा कागद. पडवीत उजेड चांगला होता. सुरुवातीला थेंब पडला की गुलाबी ठिणगी येते आणि फ्लास्क हलवला की लगेच जाते, पुढे पुढे ती जायला वेळ लागतो, तेव्हा कळावं की आता जवळ आलो, नळ आवरायचा. शेवटी तर पूर्ण थेंबही नको, अर्धा थेंब टोकाला लोंबकळत ठेवायचा, फ्लास्कच्या काठाला टेकवायचा आणि पाण्याने आत ढकलायचा. "आजोबा, पिंक जालें!" नात ओरडली. झालं खरं, पण कोकम सरबतासारखं गडद. एक मिली तरी जास्त गेलं होतं. एंडपॉइंट म्हणजे गडद गुलाबी नव्हे, आहे की नाही अशी शंका यावी इतका फिका, आणि अर्धा मिनिट टिकला म्हणजे पुरे. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं, ०.१ मोलर कॉस्टिक सोडा ६.७ मिली, म्हणजे मूळ व्हिनेगरमध्ये चार टक्क्यांच्या आसपास अॅसेटिक अॅसिड. मग तोच फ्लास्क पाच-दहा मिनिटांनी बघितला तर रंग गेलेला! नात म्हणाली चुकलं. चुकलं नव्हतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला आणि पीएच खाली आला. म्हणूनच उडून गेलेल्या रंगामागे धावत अजून थेंब टाकत बसू नये.

आता कोकमाबद्दल, कारण लेखात ते होतं. भिरंडीचा, म्हणजे कोकमाचा, रंग अॅसिडमध्ये लाल आणि सोड्यात निळसर-हिरवट काळपट होतो हे खरंच आहे, सोलकढी शर्टावर सांडून साबण लावला की प्रत्येक घरात हा प्रयोग होतो. हळदीचंही तसंच, हुमणाचा (आपल्या माशांच्या कालवणाचा) पिवळा डाग साबणाला लागला की तांबडा, आणि पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे ते याच गुणावर. पण अॅसिड आहे की बेस हे सांगणं वेगळं आणि नेमक्या थेंबाला थांबवणं वेगळं. भिरंडीचा रंग लांबलचक पट्ट्यात सावकाश बदलत जातो, लिटमसचंही तेच, साधारण ५ ते ८, म्हणून लिटमस प्रत्येक पोराच्या तोंडात असला तरी टायट्रेशनला कुणी घेत नाही. हळद त्यातल्या त्यात बरी, ती ७.४ ते ८.६ च्या दरम्यान बदलते, व्हिनेगरला बऱ्यापैकी साथ देईल. पण कार्बोनेटला हळद टाकून शेवटापर्यंत जायचं म्हणाल तर नाही जमणार, ती पहिल्याच मुक्कामाला पिवळी होऊन बसेल. तर घरचे इंडिकेटर जरूर शिकवा, फक्त प्रत्येकाचा पट्टा कुठला ते सोबत द्या.

अजून एक, मिथाइल ऑरेंजचा केशरी ट्यूबलाइटखाली ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि काही मुलांना लाल-हिरव्यातला फरकच नीट दिसत नाही, ती बिचारी लाजून बोलत नाहीत, शेजाऱ्याचं रीडिंग लिहितात. शेजारी एक तयार रंगाचा फ्लास्क ठेवला तरी खूप मदत होते. मी ठेवायचो.

आणि एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. फिनॉल्फथॅलिन बायरने १८७१ मध्ये केला, आणि पीएच ही मोजपट्टी सोरेन्सनने मांडली १९०९ मध्ये, तीही कोपनहेगनला बिअर करणाऱ्या कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये. मधली इतकी वर्षं लोक ७ हा आकडा माहीत नसताना टायट्रेशन करत होते आणि बरोबर करत होते, कारण इंडिकेटर करून बघून निवडत होते.

दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच छापा, "इंडिकेटर ७ ला बदलणारा नव्हे, त्या जोडीच्या समतुल्य बिंदूच्या (अॅसिड आणि बेस एकमेकांना पुरे पडतात त्या जागेच्या) पीएचला बदलणारा घ्यावा."

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, डिचोली

ता. क. लेखात कॉस्टिक सोडा घरी घेऊन बघा असं म्हटलंय, ते तेवढं काढा. आपल्या पावसाळी हवेत तो बाटलीतून काढला की मिनिटाभरात पाणी सुटून चिकट होतो, वजन नीट होत नाही ते वेगळंच, पण बोटाला लागला की कातडी बुळबुळीत होते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. आम्ही केलं ते पातळ करून, चष्मा लावून, आणि फ्लास्क स्वयंपाकघरात नेला नाही. बायकोने तरी ओरडा केलाच.